जोडाच्या आत काय चाललंय

विमानाच्या धंद्यात चिकन रिव्हेट, म्हणजे भीतीपोटी टाकलेलं रिव्हेट, नावाचा एक प्रकार आहे. म्हणजे असं की दोन पार्ट ग्लूनं चिकटवायचे, कॅल्क्युलेशन सांगतं एकटा ग्लू लोड घ्यायला भरपूर आहे, टेस्टचे तुकडेही तेच सांगतात, आणि तरीसुद्धा शेवटी ड्रॉइंगवर कुणीतरी दोन-चार रिव्हेट टाकतोच. का टाकले विचारलं तर सरळ उत्तर मिळत नाही, "असू देत" एवढंच. पत्र्याच्या विमानात हे एक वेळ चालून जातं. कंपोझिटमध्ये, म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे धागे (फायबर) रेझिनमध्ये बसवून केलेल्या पार्टमध्ये, मात्र भोक पाडायचं म्हणजे ज्या फायबरच्या जिवावर पार्ट उभा आहे तेच कापायचे, भोकाच्या कडेला ताण गोळा होतो, मग तो सोसायला तिथे जाडी वाढवा, जाडी वाढली की वजन वाढलं, आणि मुळात वजन वाचवायलाच तर कंपोझिट आणलं होतं. इतकं सगळं कळत असून आपण भोकं पाडतो, कारण चिकटवलेल्या जोडाच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ते कळावं म्हणून ग्लूमध्येच कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, नॅनोट्यूब, घालून बघतात, त्याबद्दल हे लिहितेय.

मी कंपोझिटचे पार्ट बनवणाऱ्या ठिकाणी काम करते, त्याआधी काही वर्षं एका लॅबमध्ये ह्याच जोडांवर होते, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसलाय. घरी कुणी विचारलं काय करतेस तर मी सांगते, चिकटवलेलं सुटतंय का ते बघते. ह्यावर लोक हसतात. हसू देत.

तर ग्लू. ग्लूचा फायदा म्हणजे तो लोड पसरवतो, रिव्हेटसारखा एका बिंदूवर घेत नाही, असं आपल्याला कॉलेजात शिकवतात. हे अर्धंच खरं आहे. दोन पट्ट्या एकावर एक चढवून चिकटवल्या आणि दोन्हीकडून ओढल्या तर ताण सगळ्या जोडावर सारखा पसरत नाही, दोन्ही टोकांना खूप येतो आणि मधला भाग जवळजवळ आरामात बसलेला असतो. फोल्करसेन नावाच्या माणसानं १९३८ मध्ये हे गणित मांडलं, पुढे १९४४ मध्ये गोलंड आणि राइसनर ह्यांनी दाखवलं की पट्ट्या एका रेषेत नसल्यामुळे ओढताना जोड वाकतो आणि टोकाला नुसता सरकवणारा ताण नाही तर सोलून काढणारा ताणही येतो. ग्लूला सरकणं बऱ्यापैकी सहन होतं, सोलणं अजिबात सहन होत नाही. म्हणून डॅमेज सुरू होतं ते बहुतेक वेळा टोकाला, अगदी बारीक, ग्लूचा थर असतो सुमारे ०.२ मिलीमीटर जाड, त्यात केसाएवढी भेग. मग ती आत सरकत जाते आणि मधला जो भाग आतापर्यंत आरामात होता त्याच्यावर हळूहळू काम पडायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला ह्यातलं काहीही कळत नाही, कारण मधला भाग सांभाळून घेत असतो. आणि एक दिवस तोही संपतो.

बरं, तपासायचं म्हटलं तर पद्धती आहेत की. अल्ट्रासॉनिक आहे, म्हणजे ध्वनिलहरी आत सोडून बघायचं, थर्मोग्राफी आहे, म्हणजे उष्णता कशी पसरते ते बघायचं, आणि सगळ्यात जुनी म्हणजे नाणं घेऊन टकटक वाजवायचं. हसू नका, विमानांच्या हँगरमध्ये टॅप टेस्ट अजूनही चालते. बाजारात मडकं घेताना आजी जशी बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची तसंच, चांगलं असेल तर खणखणीत, आत सुटलेलं असेल तर बद्द. आमच्याकडे शॉपवर एक फोरमन काका आहेत, त्यांचा कान इतका तयार आहे की पॅनलवरून नाणं फिरवत नेतात आणि मार्करनं गोल काढतात, नंतर अल्ट्रासॉनिक लावलं तर गोल तिथेच येतो. पण तेच काका मला एकदा म्हणाले, "मॅडम, वाजलं बद्द तर खराब हे मी सांगतो. वाजलं खणखणीत तर चांगलं, हे मला इचारू नका."

ह्या एका वाक्यात आख्खा प्रॉब्लेम आलाय. पोकळी असेल, हवा राहिली असेल, थर सुटून फट पडली असेल तर आवाजाला ती सापडते. पण एक प्रकार असा असतो की ग्लू आणि पार्ट एकमेकांना नुसते टेकलेले असतात, चिकटलेले नसतात. इंग्रजीत त्याला किसिंग बाँड म्हणतात. पार्ट मोल्डला चिकटू नये म्हणून लावतात ते रिलीज एजंट पृष्ठभागावर राहिलं असेल, कुणी सिलिकॉनचा स्प्रे शेजारच्या टेबलावर मारला असेल, ओल असेल, कुणाच्या बोटाचं तेल असेल. ध्वनिलहरीला मधे फट दिसत नाही, ती आरपार जाते, रिपोर्टवर ओके. लोड दिला की जोड अलगद उघडतो आणि दोन्ही पृष्ठभाग कसे असतात, तर एका बाजूला ग्लूचा गुळगुळीत चकचकीत थर आणि दुसऱ्या बाजूला जणू काही लागलंच नव्हतं असा स्वच्छ पार्ट. असा उघडलेला जोड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला खरंच राग आला होता, कारण त्या तुकड्याचा स्कॅन अतिशय सुंदर होता.

म्हणून सर्टिफिकेशनवाले ग्लूवर विश्वास ठेवत नाहीत. अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे विमानांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, चिकटवलेल्या जोडांसाठी तीन वाटा ठेवल्यात, २००९ च्या कंपोझिटवरच्या सर्क्युलरमध्येही त्याच आहेत. एक, जोड सुटला तरी ठराविक हद्दीपलीकडे सुटणार नाही अशी डिझाइनमध्येच सोय करा, म्हणजे आपले ते रिव्हेट. दोन, बनवलेला प्रत्येक पार्ट लोड देऊन तपासा. तीन, प्रत्येक जोडाची ताकद खात्रीनं सांगणारी, न तोडता तपासायची पद्धत दाखवा. तिसरी वाट कागदावर छान आहे. तिच्यावरून चालून दाखवणारी सर्वमान्य पद्धत अजून आलेली नाही, सगळ्या पद्धती फट दाखवतात, ताकद कुणीच दाखवत नाही. दुसरी वाट महाग. मग उरले रिव्हेट.

पण रिव्हेट टाकले म्हणजे झोप लागावी असंही नाही. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सची फ्लाइट २४३ हिलोहून होनोलुलूला निघाली होती, बोईंग ७३७-२००, १९६९ सालचं विमान. २४,००० फुटांवर पोचलं आणि पुढच्या केबिनचं छत, साधारण १८ फूट लांबीचं, उडून गेलं. वर आकाश उघडं, लोक सीटबेल्टच्या आधारावर. एक एअर होस्टेस बाहेर खेचली गेली, ती कधीच सापडली नाही. पायलटनं त्याही अवस्थेत माउई बेटावर विमान उतरवलं आणि बाकी सगळे जिवंत राहिले.

ती अपघाताची चौकशी वाचताना मी मधेच थांबले होते, कारण सुरुवात ग्लूपासून होती. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यावर पत्रा चढवलेले जोड कोल्ड बाँडिंगनं केलेले होते. एपॉक्सी नावाच्या रेझिनच्या ग्लूत भिजवलेलं पातळ कापड, ते थंडीत साठवायचं, वापरताना बाहेर काढून पत्र्यांमध्ये ठेवायचं आणि साध्या तापमानाला क्युअर करायचं, म्हणजे घट्ट होऊ द्यायचं. आता थंड वस्तू दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरणारच. काही ठिकाणी जोड नीट बसला, काही ठिकाणी अर्धवट, काही ठिकाणी बसलाच नाही. त्या फटीत ओल गेली, समुद्राची खारी हवा गेली, गंज धरला, गंज फुगला की पत्रे अजून लांब. जो लोड ग्लूनं घ्यायचा होता तो सगळा रिव्हेटवर आला. आणि रिव्हेटची डोकी पत्र्यात बसावीत म्हणून भोकांच्या तोंडाला उतार दिलेला होता, पत्रा पातळ, त्यामुळे भोकाची कड सुरीसारखी धारदार झालेली, भेगा तिथूनच सुरू झाल्या. एका भोकाला नाही, ओळीतल्या किती तरी भोकांना. बेटाबेटांत छोट्या छोट्या फेऱ्या करणारं विमान, प्रत्येक फेरीला केबिन एकदा फुगणार आणि एकदा बसणार, तोवर त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. भेगांना भेगा मिळाल्या आणि छत गेलं. बोईंगनं ती कोल्ड बाँडिंगची पद्धत १९७२ मध्येच बंद केली होती, पण आधीची विमानं उडतच होती.

रिव्हेट होते की तिथे! तीन-तीन ओळी होत्या. ग्लूनं काम सोडलंय हे कुणाला कळलं नाही एवढंच. ह्याच चौकशीत एक गोष्ट नोंदवलेली आहे, एका बाईंना विमानात चढताना दाराच्या बाजूला पत्र्यात भेग दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, मीसुद्धा एसटीत चढताना खडखडणारं दार बघून गप्प बसतेच.

पूर्ण कंपोझिटचं उदाहरण हवं असेल तर ६ मार्च २००५. एअर ट्रान्सॅटची फ्लाइट ९६१, एअरबस ए३१०, क्युबातल्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्युबेकला जाताना हवेतच रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा मागचा हलता भाग, तुटून गेला, जवळजवळ अख्खा. विमान परत वाराडेरोला उतरलं, कुणी गेलं नाही, हे नशीब. रडर सँडविच बांधणीचा होता, मधे मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंबचा कोअर आणि दोन्ही बाजूंना फायबरची त्वचा, चिकटवलेली. चौकशीचा निष्कर्ष असा की त्वचा कोअरपासून सुटली असावी किंवा कोअर आतल्या आत फाटला असावा आणि ते वाढत गेलं, आणि अशा पार्टची तपासणी त्या काळी कशी व्हायची, तर नजरेनं आणि टकटक करून, तेवढ्यानं हे वेळेत सापडेल अशी खात्री नाही. पुन्हा आपले फोरमन काका.

आता कार्बन नॅनोट्यूबकडे येते. त्यांच्या इतिहासात फार शिरत नाही, १९९१ मध्ये जपानच्या एनईसीमधल्या सुमिओ इइजिमांचा नेचरमधला लेख आला आणि जगभर धावाधाव सुरू झाली, तशा पोकळ कार्बनच्या तंतूंचे फोटो रशियन लोकांनी १९५२ मध्येच छापले होते पण ते फार कुणी वाचले नाहीत. आपल्याला कामापुरतं एवढंच, की ही नळी दहा-वीस नॅनोमीटर जाड, लांबी मायक्रोनमध्ये, आणि वीज वाहून नेते. एपॉक्सी वीज अजिबात नेत नाही. मग एपॉक्सीत थोड्या नळ्या मिसळल्या तर काय होतं? सुरुवातीला काहीच नाही. आणि मग एका ठराविक प्रमाणाला, नळ्या नीट पसरल्या असतील तर वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही आधी, एकाएकी आख्खं एपॉक्सी वीज वाहायला लागतं, कारण तेवढ्या नळ्यांमधून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठून तरी सलग वाट तयार होते. गंमत म्हणजे नळ्या एकमेकींना चिकटलेल्याच असाव्या लागतात असं नाही. दोन नळ्यांमधे एक-दोन नॅनोमीटरचं एपॉक्सी असलं तरी इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात, पण हे अंतर जरा वाढलं की जाणं भयंकर वेगानं अवघड होतं, घातांकी वेगानं. जोडाला ताण दिला, एपॉक्सी किंचित ताणलं, नळ्यांमधली अंतरं किंचित वाढली, रेझिस्टन्स वाढला. भेग गेली, वाटाच तुटल्या, रेझिस्टन्स उडाला. म्हणजे जो ग्लू जोड धरून ठेवतोय तोच स्वतःबद्दल सांगायला लागला, वेगळा सेन्सर चिकटवायला नको.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या एरिक थॉस्टेनसन आणि त्सू-वेई चाऊ ह्यांनी २००६ मध्ये काचेच्या फायबरच्या कंपोझिटमध्ये हे करून दाखवलं. कल्पना साधी होती, फायबर मायक्रोनमध्ये जाड आणि नळ्या त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या, त्यामुळे फायबरच्या मधल्या सांदीत नळ्यांचं जाळं आरामात मावतं. पुढे त्याच गटानं ते बोल्टच्या जोडांवर नेलं, मग चिकटवलेल्या जोडांवर, स्टीलला कंपोझिट चिकटवलेल्या जोडावरही. कॅनडात कॉनकॉर्डिया विद्यापीठात जोडांना वारंवार लोड देऊन, म्हणजे फटीगमध्ये, रेझिस्टन्स कसा चढत जातो ते बघितलं गेलं. हे सगळे पेपर वाचायला मस्त वाटतात. करायला बसलं की मग कळतं.

पहिलं म्हणजे नळ्या पसरवणं. पुडीतून निघतात तेव्हा त्या सुट्या नसतात, एकमेकींत गुंतलेले काजळीसारखे गोळे असतात. एपॉक्सीत टाकून नुसतं ढवळलं तर गोळेच राहतात, आणि ग्लूमध्ये गोळा म्हणजे भेग सुरू व्हायला आयती जागा. आम्ही वापरायचो ते ट्रिपल रोल मिल, शाईच्या आणि रंगाच्या कारखान्यात असतं तेच. तीन रोलर, शेजारी शेजारी, वेगवेगळ्या वेगानं फिरणारे, मधली फट कमी करत करत पाच मायक्रोनपर्यंत आणायची. मिश्रण मागच्या फटीत ओतायचं, ते रोलरवरून ओढलं जात पुढे येतं आणि शेवटी पात्यावरून खाली भांड्यात उतरतं. पहिल्या फेरीला रवाळ आणि मळकट दिसतं. फेऱ्या करत गेलं की एका क्षणी ते बदलतं, घट्ट होतं, चकाकायला लागतं, रोलरवर गडद काळा आरसा धरल्यासारखा थर. तो क्षण मला फार आवडायचा, मिक्सिंगला बसायला बाकीचे टाळायचे आणि मी स्वतःहून जायचे. नखांच्या कडेला तो काळा रंग आठवडाभर राहतो, हातमोजे घातले तरी कुठून शिरतो देव जाणे. कोरडी पुडी उघडताना मात्र मजा नाही, हूड, मास्क, सगळं. लांब आणि ताठ नळ्या फुप्फुसात गेल्यावर काय करू शकतात ह्याची काळजी आहेच, अमेरिकेच्या नायॉशनं, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१३ मध्ये हवेतली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. एकदा एपॉक्सीत गेल्या की बऱ्याच अंशी सुटका, जोवर कुणी तो पार्ट घासायला घेत नाही तोवर.

मग टेस्ट. काचेच्या फायबरच्या दोन पट्ट्या, एकावर एक २५ मिलीमीटर चढवलेल्या, मधे काळा ग्लू, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्टनं लावलेल्या बारीक तारा. चार तारा, दोन करंटला आणि दोन व्होल्टेज मोजायला, नाहीतर तार जिथे लावली त्या ठिकाणचाच रेझिस्टन्स आपण मोजत बसतो. तुकडा युटीएममध्ये, म्हणजे ओढून ताकद मोजायच्या मशीनमध्ये, धरायचा आणि हळूहळू ओढायचं, स्क्रीनवर दोन रेघा, एक लोडची आणि एक रेझिस्टन्सची. लोडची रेघ सरळ चढते, शांतपणे, शेवटपर्यंत, तिच्याकडे बघून काही कळत नाही. रेझिस्टन्सची सुरुवातीला तिच्यासारखीच हळू चढते. मग मधेच एक बारीक पायरी, कानाला काही ऐकू आलेलं नसतं, लोडच्या रेघेत सुरकुतीसुद्धा नसते. मग अजून एक पायरी. मग पायऱ्या जवळ जवळ यायला लागतात, आणि तुम्हाला कळतं की आता तुटणार, आणि लोडवाली रेघ अजूनही शहाण्यासारखी सरळ जात असते. काचेची पट्टी थोडी आरपार दिसते म्हणून टॉर्च लावला तर टोकाकडून एक पांढुरकी कड आत सरकताना दिसते. तुटण्याच्या बऱ्याच आधी मशीन थांबवून लोड काढला तर रेझिस्टन्स खाली येतो पण मूळच्या जागी येत नाही, थोडा वरच राहतो. ते जे वर राहिलेलं असतं ना, तेच सगळ्यात कामाचं. ताण गेला, डॅमेज राहिलं.

पण काच सोडून कार्बन फायबरवर आलात की घोटाळा. कार्बन फायबर स्वतःच वीज नेतो, आपल्या काळ्या ग्लूपेक्षा कितीतरी चांगली, मग करंट ग्लूमधून जाईलच कशाला, तो पट्टीतूनच जातो आणि ग्लूमध्ये काय झालं ह्याची त्याला पर्वा नसते. अशा वेळी करंट आडवा न नेता आरपार न्यायचा, वरच्या पट्टीतून ग्लू ओलांडून खालच्या पट्टीत, म्हणजे पट्ट्याच तारांचं काम करतात. जोड जेवढा सुटेल तेवढं चिकटलेलं क्षेत्रफळ कमी आणि रेझिस्टन्स त्याच हिशोबात जास्त. विमानं आता ह्याच फायबरची आहेत, बोईंग ७८७ वजनानं निम्मं कंपोझिट, आपल्या तेजसचा बाहेरचा बहुतेक पृष्ठभाग कार्बन कंपोझिटचा, त्यामुळे काचेवर छान चालतं एवढ्यावर थांबून भागत नाही.

सगळा ग्लू काळा करायलाच हवा असंही नाही. नळ्या घातल्या की ग्लू इतका घट्ट होतो की शॉपवरची मुलं शिव्या घालतात, शिवाय सर्टिफाय झालेल्या ग्लूमध्ये काही मिसळलं तर तो सर्टिफाय झालेला राहत नाही. त्यापेक्षा ग्लूच्या फिल्ममध्ये जे पातळ जाळीदार कापड असतंच त्यालाच नळ्यांचा लेप द्यायचा आणि ते जोडात ठेवायचं. मला हा मार्ग जास्त पटतो, डेलावेअरच्या लोकांनीही अशा न विणलेल्या कापडांवर बरंच काम केलंय. कापडाच्या कडेनं तारा लावल्या आणि एका जोडीतून करंट सोडून बाकीच्यांवर व्होल्टेज मोजत गेलं, सगळ्या जोड्या फिरवून, तर गणितानं आतला नकाशाही काढता येतो, कुठे वीज वाहणं कमी झालंय त्याचा. नकाशा धूसर असतो. कडेला बरा, मधे अंदाजपंचे.

आता माझं ह्यावरचं मत, ज्यावरून लॅबमध्ये माझे वाद व्हायचे. पेपरांच्या प्रस्तावनेत हमखास लिहिलेलं असतं की चिकटवलेल्या जोडांवर विश्वास नाही, किसिंग बाँड सापडत नाहीत, म्हणून आम्ही नॅनोट्यूब घातल्या. वाचणाऱ्याला वाटतं की नॅनोट्यूब किसिंग बाँड शोधतात. विचार करा, ग्लू एका पट्टीला नुसता टेकलेला आहे आणि दुसरीला पक्का चिकटलाय. लोड दिला, तो टेकलेला पृष्ठभाग अलगद सुटला. काळा थर? तो अख्खाच्या अख्खा दुसऱ्या पट्टीवर बसलेला आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही. त्याच्यातून आडवा करंट मोजत असाल तर रेझिस्टन्स बदलायचं कारणच नाही, उलट थरावरचा ताण उतरल्यामुळे तो थोडा कमीही होऊ शकतो, म्हणजे जोड सुटला आणि सेन्सर म्हणतोय बरं वाटतंय. आरपार मोजलं तर सुटल्यावर कळेल, पण सुटेपर्यंत दोन्ही पृष्ठभाग टेकलेले असतात आणि टेकलेल्यातून वीज जाते. नॅनोट्यूब बदल सांगतात, ताकद सांगत नाहीत. एफएएची तिसरी वाट त्यांनी मोकळी होत नाही. ती मोकळी होईल असं प्रपोजलमध्ये लिहिणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगितलंय आणि त्यामुळे काही चहा एकटीनंच प्यायलेत.

पृष्ठभाग साफ ठेवणं, घासणं, पाणी टाकून ते सलग पसरतंय की थेंब थेंब तुटतंय ते बघणं, वेळेत चिकटवणं, ह्या कंटाळवाण्या गोष्टींना पर्याय नाही. किसिंग बाँड तिथेच मरतो किंवा तिथेच जन्मतो.

पण जो जोड चांगला बनला होता आणि आता म्हातारा होतोय, त्याच्यासाठी मला ह्या काळ्या ग्लूचं खरोखर कौतुक आहे. आणि विमानापेक्षाही आधी मी तो पवनचक्कीत घालेन. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा वनकुसवड्याला गेला असाल तर ती पाती बघितली असतीलच. पातं म्हणजे काचेच्या फायबरची दोन अर्धी कवचं, मोल्डमध्ये वेगवेगळी बनवलेली, आत लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या भिंती, आणि सगळं एकमेकांवर बंद करून ग्लूनं जोडलेलं, मोठ्या पात्यात ग्लूच काही शे किलो जातो. रिव्हेट नाही, काही नाही. मागची पातळ कड, ट्रेलिंग एज, उघडायला लागणं हा नेहमीचा आजार, आणि आत टोकापर्यंत माणूस जाऊ शकत नाही. पाती साधारण २० वर्षांच्या हिशोबानं डिझाइन करतात, आणि आपल्याकडच्या पठारांवरच्या जुन्या चक्क्यांनी ती वर्षं गाठली किंवा ओलांडली आहेत. काचेचं फायबर असल्यामुळे कार्बनची ती करंट पळून जायची भानगड जुन्या पात्यांत नाही. वजनाची काटकसर विमानाइतकी कडक नाही. वाऱ्याचा ताण मात्र रोज, रात्रंदिवस.

माझा एक मित्र मेंटेनन्समध्ये आहे, दोरावरून लटकून पाती दुरुस्त करणारी टीम त्याची. त्याला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं, पायऱ्या, राहिलेला रेझिस्टन्स, नकाशा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अगं पण पावसाळ्यात वर धुकं, चार महिने ओल, दुपारी ऊन पडलं की पातं तापतं. तुझा रेझिस्टन्स त्यानं हलणार नाही का?" हलतो ना. तापमानानं हलतो, ओलीनं हलतो, म्हणून शेजारी एक लोड नसलेला तुकडा ठेवून त्याच्याशी तुलना करावी लागते, तेही पूर्ण पुरत नाही. "आणि वीज?" हा खरा प्रश्न होता. पठारावर पात्यावर वीज पडते, तिच्यासाठी आतून तांब्याची तार खाली नेलेली असते, आणि मी त्याच पात्यात अजून एक वीज वाहणारी पट्टी घालायचं म्हणतेय. ती कुठे जोडायची, किती लांब ठेवायची, ह्यावर आम्ही बराच वेळ कागदावर रेघा मारत बसलो.

"मला आलेख नको," तो म्हणाला, "ह्या आठवड्यात वर माणूस चढवू का नको एवढं सांग." ट्रेलिंग एजपुरतं ते सांगता येईल असं मला वाटतं, सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आज, वारा पडलेला असताना, आकडा वर राहिलाय का, एवढंच बघायचं, मोजमाप सुद्धा सतत नको, सर्व्हिसला गेल्यावर मीटर लावला तरी चालेल. फक्त कनेक्टर कुठे आणायचा त्यावर आमचं जमत नाहीये. मला तो रूटपाशी, म्हणजे पात्याच्या बुडाशी, हवाय, माणसाच्या हाताशी. त्याचं म्हणणं तिथे बेअरिंगचं ग्रीस गळून येतं, चार महिन्यांत पिनांवर थर बसेल आणि मग वाढलेला रेझिस्टन्स पात्याचा का पिनेचा हे तूच वर चढून बघ.